आजचं चिंतन – गीता ९.१ : गुपित कुणाला सांगतात?



दोन दिवस चिंतन आलं नाही. तिघाचौघांनी मेसेज करून विचारलंसुद्धा, बरा आहेस ना? बरा आहे. रिलीज होतं, रात्री दोन-दोन वाजत होते, हे कारण खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. आठवा अध्याय संपला, नववा सुरू करायचा होता, आणि त्याचा पहिलाच श्लोक घशात अडकला होता.

श्लोक तसा सरळ आहे. भगवंत अर्जुनाला म्हणतात, आता तुला सगळ्यात आतलं गुपित सांगतो, नुसतं माहितीपुरतं नाही तर अनुभवासकट, आणि ते कळलं की तू अशुभातून सुटशील. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि 'गुह्यतम' या शब्दावर माझे कान टवकारले होते. काहीतरी सिक्रेट आहे! पुढचे चार श्लोक मी रहस्यकथेची पानं उलटावी तसे उलटले आणि निराश झालो. देवाने सांगितलं काय, तर मी सगळीकडे आहे, मला भक्तीने ओळख. हे तर आजीला माहीत होतं. यात गुपित कसलं?

आता वाटतं, त्या वेळी माझं सगळं लक्ष गुपितावर होतं आणि ते कुणाला सांगितलंय इकडे अजिबात नव्हतं. त्याच ओळीत एक लहानसा शब्द आहे, 'अनसूयवे'. ज्याच्यात असूया नाही, अशा तुला. आपण मराठीत असूया म्हणजे मत्सर असं धरतो. संस्कृतात त्याला एक वेगळी धार आहे, दुसऱ्याच्या चांगल्यातही खोट शोधत राहणं. म्हणजे सर्वांत मोठं गुपित सांगण्याआधी देव अर्जुनाची हुशारी सांगत नाही, तप सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की तुझ्या नजरेत ते खोट काढणं नाही, म्हणून सांगतो.

याच शब्दाने मला दोन दिवस गप्प बसवलं. कारण सांगतोच, पण आधी जरा गावाकडे जाऊन येऊ.

मी मूळचा चाळीसगावचा, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गावात पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवतात. एक पाटणादेवी आणि दुसरं, स्टेशनजवळचं कलामहर्षी केकी मूस यांचं घर. मूस म्हणजे पारशी गृहस्थ, १९१२ सालचा जन्म, मुंबईत शिकले, इंग्लंडला जाऊन कला शिकले, मग चाळीसगावला परतले आणि आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्या एका घरातच राहिले. बाहेर पडलेच नाहीत म्हणा ना. विनोबांचा फोटो काढायला तेवढे घराबाहेर आले होते, असं गावात सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे आमच्या पिढीने त्यांना पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

आणि ऐकलं काय? तर ती गोष्ट. एक प्रेयसी होती, ती मुंबईहून गाडीने येणार होती, आणि ते रोज रात्री गाडीच्या वेळेला दार-खिडक्या उघडून, जेवण मांडून वाट बघायचे. कुणी पंजाब मेल म्हणतं, कुणी दुसऱ्याच गाडीचं नाव घेतं. जितके सांगणारे तितके तपशील. आठवीत असताना शाळेने आम्हाला तिथे नेलं होतं. पन्नासेक पोरं. भिंतीवर फोटो, चित्रं, शिल्पं, जमवलेल्या वस्तू. आणि आम्ही सगळे एकच विचारत होतो, सर, ती आली का मग? सर, ती कोण होती? फोटो कुणी बघितले असतील तर शपथ.

मागे दोन-तीन वर्षांपूर्वी मी परत गेलो, एकटाच. या वेळी ठरवून गोष्टीबद्दल काही विचारलं नाही. नुसता फोटोंसमोर उभा राहिलो. मूस टेबलटॉप फोटोग्राफी करायचे. म्हणजे घरातल्या टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, त्यावर उजेड असा पाडायचा की फोटोत ते एखादं अख्खं निसर्गदृश्य वाटावं. आता विचार करा, ज्या माणसाने उंबरा ओलांडला नाही त्याने टेबलावर जग मांडलं. मी एका फोटोसमोर दहा मिनिटं तरी होतो. आधी फसलो. मग कळलं की फसलोय. मग कसं केलं असेल ते शोधायला लागलो, आणि त्या शोधण्यात जी मजा होती ती 'ती आली का' यात कधीच नव्हती. तिथे उत्तर फोटोच्या आतच होतं, फक्त माझे डोळे लागत होते. प्रेयसीच्या गोष्टीत मात्र माझं काहीच लागत नव्हतं. कुणीतरी सांगायचं, मी 'अरे बापरे' म्हणायचं, झालं.

पाटणादेवीचंही तेच. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत चंडिकेचं जुनं देऊळ. भास्कराचार्यांची भूमी म्हणून आपल्याकडे ती मानतात, आणि त्याला दगडाचा पुरावा आहे. त्यांचा नातू चांगदेव (आपल्या मुक्ताईचे शिष्य चांगदेव ते हे नव्हेत), यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्या मठाला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख पाटणला सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. कल्पना करा, आमच्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची सोय होती, तिला चक्क देणगी होती!

पण पाटणादेवीला गेलेल्या कुणालाही विचारा. मठ आठवत नाही. लीलावतीचा मोती आठवतो. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला भास्कराचार्यांनी घटिकापात्र लावलं, तिने वाकून बघितलं, नथीतला की दागिन्यातला मोती पात्रात पडून छिद्र बुजलं आणि मुहूर्त टळला. फार सुंदर गोष्ट आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात मात्र ती नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला त्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गंमत बघा, त्या गोष्टीत लीलावतीचं नशीब फिरतं तेही कुतूहलाने वाकून बघितल्यामुळेच.

आणि मी? इंजिनिअरिंगची डिग्री, चाळीसगावचा, भास्कराचार्यांचा अभिमान व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करणारा. तिशीपर्यंत लीलावतीतलं एकही गणित सोडवलेलं नव्हतं. मग एक सोडवलं, भुंग्यांचं. थव्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीवर गेले, थव्याचे आठ-नवमांश दुसरीकडे गुंगले, एक भुंगा कमळात रात्रभर अडकलाय आणि बाहेर भुंगी त्याच्या गुणगुणण्याला साद देतेय. तर एकूण किती? करून बघा. उत्तर ७२ येतं. मी मुद्दाम उत्तर सांगितलं, कारण उत्तराने काही बिघडत नाही. ७२ कळूनसुद्धा तुम्हाला ते सोडवावंसं वाटलं तर ती जिज्ञासा. ७२ कळलं की विषय संपला, तर ती नुसती खाज.

(एक कडवट गोष्ट बोलून घेतो. आपल्या भक्तीच्या ग्रुपवर 'या मंदिराचं रहस्य शास्त्रज्ञांनाही उलगडलं नाही' असले व्हिडिओ रोज येतात. मीही पूर्वी पाठवायचो. आता नाही पाठवत. देवळात जायला देव पुरत नाही, वरून भुताटकीचा ट्रेलर लागतो, असं काहीतरी त्यात वाटतं. राग मानू नका.)

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी अशा एका कंपनीत होतो जिचं अॅप लोकांच्या तब्येतीशी संबंधित होतं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, चूक तिची नव्हती. एका रात्री प्रॉडक्शनवर काहीतरी अडलं म्हणून मला डेटाबेसचा तात्पुरता अॅक्सेस मिळाला. दीड तासात काम झालं. अॅक्सेस सकाळपर्यंत होता. आणि रात्री पावणेतीनला, एकटा, चहाचा कप हातात, मी एक नाव टाइप केलं.

माझ्या शाळासोबत्याचं. चाळीसगावचा, पहिलीपासूनचा मित्र. तो हे अॅप वापरतो हे मला माहीत होतं, त्यानेच एकदा म्हटलं होतं. कशाला टाइप केलं? काही कारण नव्हतं. वाईट हेतूही नव्हता, आणि हेच मला आजही टोचतं. हेतू असता तर निदान मी स्वतःला थांबवलं असतं. नुसतं 'बघू तरी'. आपण म्हणतो ना, दार उघडं होतं म्हणून डोकावलो. क्वेरी चालवायला एक सेकंद लागला नाही. दोन ओळी आल्या.

त्या दोन ओळींत काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. आणि आत्ता हे वाचताना तुमच्या मनात जे काही हललं ना, बरोब्बर तेच, तेच माझ्या मनात पावणेतीन वाजता होतं. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त ओळख करून देतोय.

पुढचे चार महिने फार विचित्र गेले. मला वाटायचं की माहीत झालंय तर मी त्याच्याशी जास्त समजुतीने वागेन. झालं उलटंच. त्याने फोन उचलला नाही की मी मनात म्हणायचो, हं, त्यामुळेच. एका लग्नात तो खूप हसत होता, पंगतीत आग्रह करकरून वाढत होता, सगळे म्हणत होते काय मस्त माणूस आहे, आणि मी एका बाजूला उभा राहून विचार करत होतो, केवढं नाटक करतोय. त्याचं हसणं खरं होतं की नाही मला माहीत नाही. पण माझ्या हातात दोन ओळी होत्या आणि त्या ओळींच्या चष्म्यातून त्याचं सगळं चांगलंसुद्धा मला लक्षण दिसायला लागलं होतं. गुणात दोष शोधणं. असूयेची व्याख्या मला कोशात नंतर सापडली, आधी ती माझ्याच डोळ्यांत होती.

दिवाळीला मी घरी गेलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "काय करी ऱ्हायना भो? चाल पाटणादेवी." बाईकवर गेलो. दर्शन घेतलं. मग देवळाच्या बाहेर डोंगराकडे तोंड करून बसलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. गवत उपटत होता. मग म्हणाला, "तुले एक गोष्ट सांगस."

आणि त्याने सांगितलं.

दहा मिनिटं बोलला असेल. मधे दोनदा थांबला. "मनी मायले बी माहीत नई," म्हणाला. मी काय केलं? मी "अरे!" म्हटलं. "कधीपासून?" म्हटलं. मला कधीपासून ते तारखेनिशी माहीत होतं. मी भुवया उंचावल्या, तोंड पाडलं, खांद्यावर हात ठेवला. सगळं योग्य क्रमाने. इतकी खोटी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नसेल, आणि तीही देवीच्या दारात.

तरीही त्या दहा मिनिटांत मला काहीतरी नवीन कळलं. डेटाबेसच्या त्या दोन ओळींत आजार होता, तारीख होती. त्या ओळींत तो एसटी स्टँडवर बसून काढलेली रात्र नव्हती. घरी कुणाला कळू नये म्हणून गोळ्या कुठे ठेवतो ते नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, हे सांगायला त्याने मला निवडलं, हे त्यात कुठून असणार? मला वाटत होतं की मला त्याचं गुपित माहीत आहे. मला माहिती माहीत होती. गुपित तर तो आत्ता देत होता, आणि माझे हात आधीच भरलेले होते.

चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात की हा जुना योग तुला सांगतो, कारण तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस. सखा हे कारण आहे. गुपित हे दोन माणसांमधलं काहीतरी आहे, एकाच्या कपाटातली वस्तू नाही. म्हणूनच ते चोरलं की मिळतच नाही. त्याचं टरफल मिळतं.

मग कुतूहलच वाईट का? नाही हो. लगेच पुढच्या श्लोकात अर्जुन शंका काढतो, देवा, सूर्य तुझ्या कितीतरी आधीचा, त्याला तू हे कसं सांगितलं असशील? चक्क उलटतपासणी! देव रागावत नाही, उत्तर देतो. सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, त्यात जिज्ञासूला स्वतःची जागा आहे. तेव्हा अनसूयु म्हणजे प्रश्न न विचारणारा, मान डोलावणारा, असं मुळीच नाही. जे तरुण मला लिहितात की श्रद्धा असेल तर शंका घेऊ नये का, त्यांनी हा चौथा अध्याय जरूर बघावा.

पण अर्जुन कसा विचारतो तेही बघा. अकरावा अध्याय. त्याला देवाचं खरं रूप बघायचंय, म्हणजे याहून मोठं कुतूहल जगात नसेल. आणि तो म्हणतो, मला ते बघणं झेपेल असं तुला वाटत असेल, तर दाखव. तुला वाटत असेल तर! परवानगी मागतो. आणि दाखवल्यावर घाबरून म्हणतो की पुरे, परत आपला नेहमीचा हो. परवानगी मागून बघितलेलंसुद्धा पेलत नाही माणसाला. मी तर रूट पासवर्डने बघितलं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्या रात्री विसरलो होतो, इंजिनिअर असून. ऑडिट लॉग. कुणी कधी काय बघितलं याची नोंद राहते. त्यात माझं नाव, ती वेळ, ती क्वेरी, सगळं असणार. मला कुणी कधी विचारलं नाही. पुढे मी ती नोकरी सोडली. पण याच नवव्या अध्यायात, पुढे अठराव्या श्लोकात, देव स्वतःची ओळख सांगताना साक्षी हा शब्द वापरतो. तो श्लोक मी पूर्वी भीतीने वाचायचो, वरचा कॅमेरा असल्यासारखा. आता तसा वाचत नाही. साक्षी म्हणजे ज्याला तुमच्या दोन ओळीच नाही, सगळ्या ओळी माहीत आहेत, तुमची रात्री पावणेतीनची क्वेरीसुद्धा, आणि तरी तो तुमच्या हसण्याला नाटक म्हणत नाही. सगळं माहीत असूनही ज्याच्यात असूया नाही. मला दोन ओळी पेलल्या नाहीत.

ज्ञानेश्वरीत माउली नवव्या अध्यायाला सुरुवात करतात तीच श्रोत्यांकडे अवधान मागून. फक्त लक्ष द्या, म्हणतात, मग सगळं सुख तुमचंच. मी त्या ओव्या अनेकदा वाचल्या आहेत, पण उत्सुकता आणि अवधान यांतला फरक मला पाटणादेवीच्या त्या बसण्यात कळला. उत्सुक मी चार महिने होतो. लक्ष मी त्याच्याकडे पहिल्यांदा त्या दहा मिनिटांत दिलं, तेही अर्धंच, कारण उरलेलं अर्धं तोंडावरचे भाव सांभाळण्यात गेलं.

आता प्रश्न उरतो तो म्हणजे त्याला सांगायचं का. यावर मी स्वतःशी खूप भांडलोय. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, तुला हलकं वाटावं म्हणून त्याला जड करू नकोस. तिच्या म्हणण्यात दम आहे. त्याने मला जे विश्वासाने दिलं, तो क्षण तरी त्याच्याकडे स्वच्छ राहू दे. पण मग मी दुसरी बाजू घेतो. तो क्षण स्वच्छ नाहीच मुळी, फक्त ते एकट्या मला माहीत आहे. म्हणजे आता त्याच्याबद्दलचं आणखी एक गुपित माझ्याकडे आहे, आणि तेही त्याला न विचारता मीच ठेवलंय. हे तर डोकावण्याचंच पुढचं पाऊल झालं. आणि त्याची माहिती कुणीतरी बघितली होती हे कळण्याचा त्याला हक्क आहे, मित्र म्हणून नाही तर सरळ माणूस म्हणून. माझ्या हलकं वाटण्याशी त्याचा संबंध नाही. मैत्री गेली तर तीही त्याच्याच हातात असायला हवी.

दोन दिवस हाच श्लोक उघडून बसलो होतो. काल रात्री त्याला फोन लावला. शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने येतोय म्हटलं, पाटणादेवीला जाऊ या.

"अचानक? काय झालं रे?"

तिथे सांगतो, म्हटलं.

"काही प्रॉब्लेम आहे का? घरी सगळं ठीक ना? अरे बोल ना यार, असं अर्धवट काय ठेवतो?"

फोन ठेवेपर्यंत तीनदा विचारलं त्याने. आज सकाळी परत मेसेज आहे.

उद्या ९.२ बघू. शनिवार-रविवारी चिंतन येणार नाही.